हुकूम माझ्यापर्यंत आलाच नाही

मित्रांनो, मी एका जुन्या पांढऱ्या मोटारीची एअरबॅग. माझ्या जातीचं कोणी तुमच्यापैकी फारच थोड्यांनी डोळ्यांनी पाहिलं असेल, आणि ज्यांनी पाहिलं त्यांचा तो दिवस काही बरा गेला नसेल. आम्ही स्टिअरिंगच्या मधोमध, झाकणाच्या आत, घडी होऊन बसलेल्या असतो. वर्षानुवर्षं आम्हांला काहीच काम नसतं. काम पडू नये हेच आमचं सुख.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. दाट विणीचं पांढरं कापड कापून, त्याला पक्की शिवण घालून मला शिवलं. माझ्या पोटाशी धातूची एक डबी बसवली. तिच्यात फटाक्यात असते तशी, मोजूनमापून भरलेली दारू होती. गाडी कुठं जोरात आदळली, की खाली बसवलेली एक पेटी हुकूम सोडणार. तो तारेतून माझ्या डबीपर्यंत धावत येणार, डबी पेटणार आणि पापणी लवायच्या आत मी फुगून माणसाच्या तोंडापुढे उभी राहणार. मग लगेच रिकामी होणार. आयुष्यात एकच श्वास, तोही दुसऱ्यासाठी. माझी घडी घालणारी बाई शेजारणीला सांगत होती, "घडी नीट बसली तर वेळेला नीट उघडेल." तिनं अगदी मन लावून घडी घातली होती. तिचे हात आठवले की मला अजून लाज वाटते. का, ते पुढं सांगते.

मोताळ्याच्या ज्ञानेश्वरनं आमची गाडी नवीकोरी घेतली. मोताळ्यात त्याचं बी-बियाण्यांचं आणि खताचं दुकान होतं, गावाबाहेर काळीभोर जमीन होती. वडील लवकर वारले, तेव्हा धाकटी बहीण करिष्मा शाळेतही जात नव्हती. तिला त्यानं बोटाला धरून वाढवलं, शिकवलं, पुढं नर्सिंगला घातलं. गाडी दारात आली त्या दिवशी त्याची आई रुखमाबाई कुंकवाचं ताट घेऊन आली आणि तिनं नेमकं माझ्या झाकणावर स्वस्तिक काढलं.

"माय, याच्यात फुगा हाये," ज्ञानेश्वर मोठ्या कौतुकानं म्हणाला. "गाडी ठोकली तरी तोंडाले खरचटत नाही."

"ठोकायची कायले मंग?" रुखमाबाई म्हणाली, आणि सगळे हसले.

पुढची कितीतरी वर्षं मी त्या कौतुकावर काढली. जो कोणी गाडीत बसे त्याला ज्ञानेश्वर माझ्यावर टिचकी मारून दाखवायचा. मी अंधारात असायचे, पण स्टिअरिंगवरच्या हातांवरून माणूस कळतो. त्याचे हात जड होते. दुकानातल्या खताचा वास त्यांना कायम असायचा. घाई असली की त्याची बोटं माझ्या झाकणावर ताल धरायची, आणि त्याला घाई नेहमीच असायची.

मग एका उन्हाळ्याच्या शेवटी हॉर्न दगा देऊ लागला. वळणावर वाजायचा नाही, सरळ रस्त्यावर वाजायचा. काही दिवसांनी पूर्णच बसला, आणि त्याच दिवशी समोरच्या काचेखाली एक तांबडा दिवा लागला. त्या दिव्यावर खुर्चीत बसलेल्या माणसाचं चित्र असतं आणि त्याच्या पुढ्यात एक गोल. तो गोल म्हणजे मी. चावी फिरवली की हा दिवा क्षणभर लागतो आणि विझतो. आमची सगळी मंडळी शाबूत आहेत असा त्याचा अर्थ. लागलेलाच राहिला तर समजावं, आमच्यापैकी कोणीतरी हाकेला उत्तर देत नाही.

ज्ञानेश्वरनं गाडी गोविंदाकडे नेली. गोविंदा मोताळ्यातच गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचा. त्यानं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं, आपलं यंत्र जोडून पाहिलं आणि मान हलवली.

"भाऊ, स्टिअरिंगच्या आत गुंडाळलेली पट्टी असते. स्टिअरिंग फिरते तशी ते बी उलगडते अन् गुंडाळते. ते तुटली. म्हणून हॉर्न बी नाही अन् एअरबॅगची बत्ती बी लागून राह्यली. नवी मागवा लागते अकोल्याहून."

"किती दिवस?"

"आठ दिवस तरी धरा. तोवर गाडी उभी ठेवा."

"पेरण्या तोंडावर हायेत, गोविंदा. दुकानात पाय ठेवाले जागा नाही अन् तू गाडी उभी ठेवा म्हणतं? हॉर्नचं पाहून घे कायतरी. अन् ते बत्ती बंद कर. जो बसते तो विचारते, हे काय लागलं म्हणून."

गोविंदानं यंत्राची वायर काढून गुंडाळली. मग म्हणाला, "बत्ती बंद करता येते, भाऊ. पण मंग एअरबॅग उघडत नाही."

"आजवर उघडली का ते? पट्टी आली की बसवून घेऊ ना. मी काय पळून चाललो?"

तेव्हा गोविंदानं हॉर्नसाठी बाजूला एक वेगळं बटण बसवलं. मग खालचं आवरण काढून त्यानं पेटीकडून माझ्याकडे येणारी तार सोडवली आणि तिच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा जोडला. रेझिस्टर म्हणतात त्याला. त्याचा गुण एवढाच, की पेटीनं विचारलं "कोण आहे?" तर तो अगदी माझ्यासारखं उत्तर देतो. त्याच्यावर काळी टेप गुंडाळली गेली, आवरण बसलं. चावी फिरवली. तांबडा दिवा क्षणभर लागला आणि सगळं ठीक असल्यासारखा विझला.

"झालं ना काम!" ज्ञानेश्वर म्हणाला.

मित्रांनो, मी होते तिथंच होते. घडी तशीच, डबी तशीच, वरचं झाकण तसंच. फक्त माझ्याशी कोणाचा काही संबंध उरला नव्हता.

पट्टी आली. गोविंदाचा फोन आला तेव्हा ज्ञानेश्वर गाडीतच होता. "उद्या येतो," तो म्हणाला. पुन्हा फोन आला. "एवढ्या पेरण्या आटपू दे, गोविंदा." मग फवारणीची गर्दी झाली, मग सोयाबीन निघालं, मग कापूस. गोविंदा तरी किती वेळा फोन करणार? ज्ञानेश्वर वाईट माणूस नव्हता. खोटं बोलावं असं त्याच्या मनातही नव्हतं. पण तो दिवा दिसेनासा झाला, आणि जे दिसत नाही ते माणसाला आठवत नाही.

अशी मी त्या गाडीत फिरत राहिले. माझ्यावर अजूनही टिचकी पडायची. "फुगा हाये याच्यात," असं अजूनही सांगितलं जायचं.

करिष्मा नर्स झाली आणि संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत तिची नेमणूक झाली. आधी ती स्कूटीवर फिरायची. पावसाळ्यात एकदा नाल्यावरच्या फरशी पुलावर घसरून तिचा गुडघा फुटला, तेव्हा रुखमाबाईनं घर डोक्यावर घेतलं. ज्ञानेश्वरनं त्या वर्षी दुकानासाठी मोठी गाडी घेतली होती. त्यानं आमची गाडी धुऊन-पुसून बहिणीच्या दारात नेऊन उभी केली.

"घे. आता पोरींची बाळंतपणं कराले जाय आरामात," तो म्हणाला.

"दादा, मले नको एवढं," करिष्मा म्हणाली, पण तिचा आवाज हसत होता.

चावी देण्याआधी त्यानं आपला तळहात माझ्या झाकणावर ठेवला होता. नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ. मला वाटलं, इतक्या वर्षांच्या गाडीचा निरोप घेतोय.

करिष्माचे हात हलके होते. त्यांना औषधाचा आणि साबणाचा वास असायचा. ती गाणं गुणगुणत गाडी चालवायची आणि पट्टा लावल्याशिवाय चावी फिरवायची नाही. शेजारच्या सीटवर लसींचा डबा असायचा. कधी मागं एखादी अवघडलेली बाई आणि तिची सासू असायची, आणि करिष्मा आरशात पाहत म्हणायची, "घाबरू नोको व माय, पोचलोच आपण." एका पोरीचा जन्म तर मागच्या सीटवरच झाला. त्या दिवशी मला माझ्या गाडीचा फार अभिमान वाटला.

कापूस वेचणीचे दिवस होते. दुपार कलली होती आणि करिष्मा सुट्टीसाठी मोताळ्याला निघाली होती. लसींचा डबा आज नव्हता. शेजारच्या सीटवर तिची जेवणाच्या डब्याची पिशवी होती. रस्ता मोकळा होता. एकाएकी तुरीच्या शेतातून एक रोही उडी मारून रस्त्यावर आला. तुम्हांला ठाऊकच असेल, नीलगाय म्हणतात तेच, घोड्याएवढ्या अंगाचं जनावर. करिष्मानं ब्रेक दाबला, स्टिअरिंग वळवलं. रोही वाचला. गाडी रस्त्याखाली उतरली आणि कडुनिंबाच्या बुंध्यावर आदळली.

पेटीनं आपलं काम चोख केलं. क्षणही न घालवता तिनं दोन्हीकडे हुकूम सोडला. डावीकडे, शेजारच्या सीटसमोर, माझी जोडीदारीण होती, तिला तो मिळाला. ती फाडकन उघडली, पांढरीशुभ्र, गच्च भरलेली. तिच्यापुढे डब्याची पिशवी होती.

माझा हुकूमही निघाला. तो तारेतून धावत आला आणि काळ्या टेपखालच्या त्या दाण्यापाशी पोचला. दाण्यानं तो ठेवून घेतला.

मी घडीतच राहिले. आणि ज्या चेहऱ्यासाठी मला शिवलं होतं तो चेहरा माझ्या झाकणावर येऊन आदळला. तिच्या आणि माझ्या मधे बोटभर जाडीसुद्धा नव्हती, मित्रांनो. मला तिचं रक्त झाकणाच्या फटीतून आत येताना कळलं.

पट्ट्यानं करिष्माचा जीव वाचवला. पण जबडा मोडला, नाकाचं हाड मोडलं आणि उजवा डोळा गेला. ती कितीतरी आठवडे दवाखान्यात होती. ज्ञानेश्वर तिच्या खाटेपाशी बसून राहायचा. दुकान कोण पाहतंय हेही तो विचारत नसे. बोलता येऊ लागल्यावर तिनं पहिल्यांदा विचारलं ते हेच: "डावीकडचा फुगा उघडला, दादा. माह्यासमोरचा काऊन नाही उघडला?"

ज्ञानेश्वर पेटून उठला. "कंपनीनं खराब माल देला! मी त्याइले सोडत नाही. कोर्टात खेचतो." तो जे बोलत होता ते त्याला खरंच वाटत होतं. त्यानं वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, आधी जाणकाराकडून गाडी उघडून घ्या, बिघाड काय तो दाखवा. चिखलीत इंद्रभान नावाचा कारागीर एअरबॅगचं काम करतो असं कोणीतरी सांगितलं. तेव्हा ज्ञानेश्वरनंच आमची चेपलेली गाडी ओढून चिखलीला नेली.

करिष्मा हट्टानं सोबत आली. "मले पाहाचं हाये," एवढंच ती म्हणाली. डोळ्यावर पट्टी होती आणि बोलताना ओठ अजून एका बाजूला ओढला जायचा.

इंद्रभान उंच, सावकाश बोलणारा माणूस होता. त्यानं आधी गाडीला यंत्र जोडलं आणि पडद्याकडे पाहत राहिला.

"पेटीत धडक नोंदली हाये," तो म्हणाला. "दोन्ही बॅगा उघडायचा हुकूम गेला. डावी उघडली. अन् उजवीत पेटीले कोणताच फॉल्ट दिसत नाही."

"फॉल्ट नाही मंग उघडली काऊन नाही?" ज्ञानेश्वर ओरडला. "पाहा, मी म्हनलं नव्हतं? मालच खराब!"

"थांबा, भाऊ. हुकूम कुठं पोचला ते पाहू द्या."

त्याची नजर बाजूच्या हॉर्नच्या बटणावर गेली. त्यानं ते दाबून पाहिलं नाही. नुसता हुंकार दिला. बॅटरीची तार काढली आणि हात पुसत बसून राहिला. "पेटीत थोडी वीज साठून राह्यते," तो करिष्माला म्हणाला. "ते उतरू द्यावी लागते, ताई. नाही तं तोंडावर उडते." बराच वेळ गेल्यावर त्यानं मला झाकणासकट अलगद बाहेर काढलं, तोंड आपल्यापासून दूर धरून, आणि बाकड्यावर उताणं ठेवलं. इतक्या वर्षांनी मला उजेड दिसला. समोर करिष्मा होती. मी तिच्याकडे पाहू शकले नाही.

"हे तं कोरी हाये," इंद्रभान म्हणाला. मग वाकून त्यानं खालचं आवरण उघडलं, तारेवरून बोट फिरवत नेलं आणि काळ्या टेपपाशी थांबला. टेप सोलली. तो दाणा तळहातावर घेऊन त्यानं दोघांपुढे धरला.

"कंपनीची चूक नाही, भाऊ. हे कोणीतरी लावलं. बत्ती बंद कराले लावतात. पेटीले वाटते बॅग जागेवर हाये. कोणाकडून काम करून घेतलं होतं? त्याच्यावर केस टाका तुम्ही. मी लिहून देतो."

ज्ञानेश्वरचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट पाहत होते. तो आधी लाल होता. मग त्यावरचा सगळा राग उतरत गेला. 'गोविंदा' हे नाव त्याच्या ओठावर आलेलं मला दिसलं. एक शब्द टाकला असता तर तो सुटला असता. आणि त्यात खोटं तरी काय होतं? हात गोविंदाचेच होते.

करिष्मा त्याच्याकडे पाहत होती, उरलेल्या एका डोळ्यानं.

"मी लावाले सांगतलं होतं," ज्ञानेश्वर म्हणाला. "तो नाही म्हणत होता. पट्टी बी मागवली होती त्यानं. मीच गेलो नाही."

इंद्रभाननं मूठ मिटली आणि तो पाणी आणायच्या निमित्तानं आत निघून गेला.

"मले गाडी देली तवा आठोलं नव्हतं?" करिष्मानं विचारलं.

"नाही."

"दादा."

ज्ञानेश्वर बाकड्याच्या कडेला बसला. "चाबी देताना एकदा आलं होतं मनात," तो म्हणाला. "म्हनलं, सांगावं. मंग म्हनलं, एवढ्या खुशीत घेऊन राह्यली, कायले... बत्ती तं बंदच हाये."

त्या दिवशी माझ्यावर रेंगाळलेला तळहात काय होता, ते मला तेव्हा समजलं.

करिष्मा रडली नाही, ओरडली नाही. तिनं ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "चाल. माय वाट पाहत असंल."

गाडी भंगारात द्यायचं ठरलं. पण इंद्रभाननं बजावलं की मला तसंच सोडता येणार नाही. न उघडलेली एअरबॅग भंगारवाल्याच्या हातोडीखाली आली तर माणूस जायबंदी होतो. ती मोकळ्या जागी, लांबून तार लावून उडवावी लागते. "मी उडवून टाकतो, तुम्ही येऊ नका," तो म्हणाला होता. पण दोघंही आली. ज्ञानेश्वर मोटारसायकलवर आला, करिष्मा गावातल्या एका बाईसोबत वेगळी आली.

वर्कशॉपच्या मागं पडीक रान होतं. मला तिथं उताणी ठेवून, चारी बाजूंनी अडकवून, लांबच लांब तार नेली. इंद्रभाननं दोघांना दूर उभं केलं, कानांवर हात ठेवायला सांगितलं आणि तारेची टोकं बॅटरीला टेकवली.

हुकूम आला, मित्रांनो. या वेळी थेट माझ्याकडे.

मी उघडले. तेवढ्या वर्षांची घडी एका झटक्यात सुटली आणि मी मोकळ्या आभाळापुढे फुगून उभी राहिले. पाखरं उडाली. थोडा धूर झाला. माझ्यापुढे कोणी नव्हतं. मग मी हळूहळू खाली बसले, काटेरी गवतावर.

"झालं?" करिष्मानं विचारलं. "एवढ्यात?"

"हाव, ताई. एवढ्यातच होते ते," इंद्रभान म्हणाला.

ती जवळ आली. तिनं वाकून माझ्या कापडावर हात ठेवला. मी अजून गरम होते. "मले ते झाड दिसलं होतं," ती म्हणाली, कोणाकडेही न पाहता. "चांगलं दिसलं होतं. उघडाले एवढा वेळ होता." आणि मग ती रडली, अपघातानंतर पहिल्यांदा. ज्ञानेश्वर दोन पावलं पुढं आला आणि तिथंच थांबला. आपण जवळ जावं की नाही हे त्याला कळेना. त्या दोन भावंडांत तेवढं अंतर कधी कोणी पाहिलं नव्हतं.

आता मी इंद्रभानच्या वर्कशॉपमध्ये एका कोपऱ्यात पडलेली असते. माझ्या कापडानं तो काचा पुसतो. चिखलीला येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून मला त्यांची बातमी कळते. करिष्मा पुन्हा कामावर जाते. भावाशी बोलते, सणाला घरी येते, आईच्या हातचं जेवते. जायच्या दिवशी ज्ञानेश्वर सकाळपासून आपली गाडी पुसून दारात उभी करतो. गाडीत सगळं ठीक आहे, दर महिन्याला तपासून घेतो, असं आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगतो.

"राहू दे, दादा," करिष्मा म्हणते, अगदी मायेनं म्हणते. "एस.टी. हाये."

आणि पिशवी उचलून ती स्टँडकडे चालू लागते.

मित्रांनो, आमच्या जातीला बोलता येत नाही. म्हणून तर तो छोटासा तांबडा दिवा दिलेला असतो. तो लागला तर त्याच्यावर चिडू नका, त्याचं तोंड दाबू नका. गाडी दोन दिवस उभी राहील, कामं खोळंबतील, कोणी हसेल; हसू द्या. आणि तुमच्या वडिलांनी, काकांनी, दादानं "नुसती बत्ती बंद करून दे" म्हटलं, तर तुम्ही त्यांचा हात धरा. तुमचं ऐकतील ते. सांगायची वेळ तीच असते. नंतर कितीही खरं बोललं, तरी ते ऐकून घेणारा माणूस आधीसारखा उरलेला नसतो.